नेलिदाचं 'ग्रासियास'

मी एक जुना भोपळा आहे, मित्रांनो. हसलात ना? हसा, हसा. परीक्षेत मिळतो तो भोपळा वेगळा. मी वेलीवर वाढलेला, वाळवलेला, डोकं उडवून पोकळ केलेला खराखुरा भोपळा आहे. लोस तालास गावच्या वाचनालयात कित्येक वर्षं माझ्यातून माते पितात. माझ्यात कडवट हिरवी पत्ती भरायची, वरून गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. एकाचं पिऊन झालं की मला पुन्हा भरून पुढच्याला द्यायचं. भोपळा एकच, तोंडं अनेक. त्यामुळे गावात कोणाच्या मनात काय चाललंय ते मला त्यांच्या हातांवरून कळतं. पण कळून करायचं काय? मला तोंड आहे, वाचा नाही. गेल्या वर्षी त्याचं मला फार वाईट वाटलं.

माझा जन्म दोन्या एर्मेलिंदाच्या कुंपणावर झाला. आमच्याकडे मान देताना बाईच्या नावाआधी 'दोन्या' लावतात, पुरुषाच्या नावाआधी 'दोन'. तिनेच मला तोडलं, कापलं, आतला गर खरवडून काढला. मग माझ्यात भिजवलेली पत्ती भरून ठेवली, ओतून टाकली, पुन्हा खरवडलं आणि उन्हात उपडं घातलं. हे सगळं कितीदा तरी केलं. दरवेळी मला म्हणायची, "नीट वाळ रे बाबा. ओला राहिलास तर बुरशी खाईल तुला, आणि शेजाऱ्यालाही." तेव्हा मला वाटलं, म्हातारी उगाच बडबडते.

गावातलं रेल्वे स्टेशन बंद पडलं तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून त्यात वाचनालय काढलं. कोणी टेबल दिलं, कोणी खुर्च्या, कोणी आजोबांची पुस्तकं. एर्मेलिंदाने मला दिलं, आणि त्याबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. त्या डब्यात बी होतं. पुस्तकासारखंच बीसुद्धा वाचनालयातून न्यायचं, वसंतात लावायचं, पीक आलं की आपल्या फळातलं बी आणून परत करायचं, अशी रीत तिने घालून दिली. डब्यातलं सगळ्यांचं लाडकं बी म्हणजे तिचं डांगर. राखाडी, खरबरीत सालीचं, आत केशरी. तिच्या आईने समुद्रापलीकडून येताना झग्याच्या दुमडीत शिवून आणलेलं. त्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात बुडवून पाकात शिजवल्या की वरून कडक आणि आतून लोण्यासारख्या लागायच्या. दुसऱ्या कुठल्याही डांगराच्या फोडींचा लगदा व्हायचा.

आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो. फलाटावरच्या लापाचोच्या झाडाला आधी फुलं येतात, पानं मागाहून. गुलाबी नुसता! वसंताच्या पहिल्या दिवशी वाचनालयाची जत्राच असते. मुलं फुलांचे मुकुट घालून झाडाखाली मोठ्याने गोष्टी वाचतात, बायका कढईत गोड पुऱ्या तळतात, म्हातारे तिकीटखिडकीपाशी पत्ते कुटतात आणि एकमेकांना लबाड म्हणतात. पतंग तारांत अडकतात. आणि मी फिरत असतो. "या भोपळ्यातला माते काही वेगळाच लागतो," असं कोणी म्हणालं की मी फुगायचो. कौतुक कोणाला नको असतं?

एक गोष्ट सांगायची राहिली. माते पिऊन झाल्यावर आमच्याकडे गुपचूप भोपळा परत द्यायचा. 'ग्रासियास', म्हणजे आभारी आहे, असं म्हणालात तर त्याचा अर्थ, मला आता नको. आभार मानले की पंगतीतून उठलात.

वाचनालय चालवते ती नेलिदा. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची, पण पुस्तक परत आलं नाही की चारचौघांत ओरडणारी. "काय हो दोन देल्फोर, पुस्तक पाठ करताय की काय?" असं ती सायकल दुरुस्त करणाऱ्या देल्फोरला भर रस्त्यात विचारायची. लोक हसायचे. देल्फोरही हसायचा, पण पुढे पुढे तो आमच्या रस्त्यानं येईनासा झाला. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी एर्मेलिंदाने शेत सोडलं. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला. लेकीकडे राहायला गेली. तिथल्या अंगणात सगळी फरशी. उरलंसुरलं सगळं डांगराचं बी तिने पाकिटात भरलं, वर थरथरत्या अक्षरात 'आईचं डांगर' असं लिहिलं आणि नेलिदाच्या हाती दिलं. "माझ्याकडे आता एकसुद्धा नाही हो, नेलि. जे काय आहे ते तुझ्या डब्यात."

"काळजीच सोडा, दोन्या एर्मेलिंदा," नेलिदा म्हणाली.

आणि मग, मित्रांनो, ते झालं. जानेवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, वाचनालय महिनाभर बंद असतं. बंद व्हायच्या आदल्या दिवशी नेलिदाला बस गाठायची होती. ती उभ्या उभ्या माझ्यातून माते प्यायली. मला रिकामं करून धुऊन उन्हात ठेवायला वेळ नव्हता. बाहेर ठेवलं तर उंदीर कुरतडतील म्हणून तिने मला ओल्या पत्तीसकट त्या बियांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. माझ्या भल्यासाठीच लावलं हो! पण त्या काळोखात, त्या उकाड्यात, माझ्यातली ओल हळूहळू सुटत गेली. आधी माझ्यावर पांढरी लव आली, मग हिरवी. मग ती पाकिटांवर गेली. एर्मेलिंदाचे शब्द मला रोज आठवायचे. मी काहीच करू शकलो नाही. तरी आजही वाटतं, ती ओल माझ्याच पोटातली होती.

फेब्रुवारीत नेलिदाने झाकण उघडलं आणि खाली बसली. सगळं बी काळं पडलं होतं. "अरे देवा," ती म्हणाली, "अरे देवा, अरे देवा." मला तिने वाळूने घासलं, उन्हात टाकलं. माझ्या तळाशी एक बारीक चीर गेली आणि काळा डाग राहिला तो राहिलाच.

तिने एर्मेलिंदाकडे जाऊन सांगायला हवं होतं. दोनदा निघाली, कोपऱ्यावरून परत आली. मग एक दिवस शेजारच्या गावातून डांगराचं बी विकत आणलं. दुकानातल्या बियांना कीड लागू नये म्हणून गुलाबी औषध चोळलेलं असतं. नेलिदाने ते मोरीत धुऊन धुऊन काढलं. तिची नखं कितीतरी दिवस गुलाबी होती. मग जुनं पाकीट पुसून त्यात नवं बी भरलं आणि तोंड चिकटवून टाकलं. अक्षर एर्मेलिंदाचं, बी दुकानाचं.

त्यानंतर नेलिदा माझ्यातून कधी प्यायली नाही. मी समोर आलो की लगेच, "ग्रासियास." कोणी आग्रह केला तर पोट बिघडलंय म्हणायची. सगळा हिवाळा तिचं पोट बिघडलेलं होतं. तिची बोटं मला नुसती लागली तरी गार लागायची.

मग वसंताचा दिवस उजाडला. लेकीने एर्मेलिंदाला खुर्चीत बसवून आणलं. माते ओतायचा मान तिचाच. तिने मला भरलं आणि पहिल्यांदा नेलिदापुढे धरलं.

"ग्रासियास," नेलिदा म्हणाली.

"अगं, सणासुदीला? कोणावर रुसलीयस?"

"नाही हो. पोट..."

"पोट म्हणे! बरं, ते डांगराचं बी आण. आज मी माझ्या हाताने वाटणार."

नेलिदाने पाकीट आणलं. मुलं भोवती जमली. एर्मेलिंदाने एका हातात मला धरलं होतं. दुसऱ्या हातात पाकीट धरून तिने त्याचं तोंड दातांनी फाडलं आणि बी मांडीवर ओतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तिची एक जुनी सवय होती. वाटण्याआधी एक बी दाताखाली फोडून बघायचं. भरलेलं असेल तर कट्‌ असा आवाज येतो. तिने एक बी उचललं आणि तोंडाकडे नेलं.

मी नेलिदाकडे पाहत होतो. रंग धुतला गेला होता, औषध गेलं होतं की नाही कोणाला ठाऊक? हे तिला महिनोन्‌महिने छळत होतं. दोन क्षण गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

"चावू नका!" ती किंचाळली आणि तिने एर्मेलिंदाच्या हातावर फटका मारला. बी उडालं. मीही उडालो. फलाटाच्या दगडावर आपटलो आणि माझी चीर वरपर्यंत गेली. गरम पाणी सांडलं. पत्त्यांचा डावसुद्धा थांबला.

"विषारी आहे ते," नेलिदा म्हणाली. "दुकानातलं आहे. तुमचं बी मी घालवलं, दोन्या एर्मेलिंदा. ओला माते डब्यात ठेवून गेले. सगळं कुजलं. आणि मग मी... मी हे भरलं." ती हुंदके देत होती. इतके दिवस अडवून धरलेलं रडू सगळ्या गावासमोर फुटलं.

एर्मेलिंदाने मांडीवरचं बी झटकून टाकलं. म्हणाली, "बुरशी लागते गं बियांना. त्याचं मला तेवढं नाही. पण माझ्या अक्षराखाली दुसरंच भरलंस? उद्या मी गेल्यावर लोकांनी ते माझ्या आईचं म्हणून खाल्लं असतं."

नेलिदाने मान खाली घातली. कढईतली पुरी जळाली तेव्हा तळणारीला भान आलं. तीच म्हणाली, "अहो, आमचे सगळ्यांचे वेल गारांनी गेले, पण देल्फोरनं नव्हतं का नेलं थोडं बी? मागच्या वसंतात?"

नेलिदाने मला खाली वाकून उचललं, न बघताच एप्रनच्या खिशात टाकलं आणि चालू लागली. ज्या माणसाचं तिने भर रस्त्यात हसं केलं होतं, त्याच्याच दारात आता तिला जायचं होतं.

देल्फोर चाकाला हवा भरत होता. तिला पाहून उठला. "पुस्तक त्या खुंटीवर पिशवीत आहे. घेऊन जा, बाई. फक्त ओरडू नका."

"मी पुस्तकासाठी नाही आले, दोन देल्फोर. डांगर लावलं होतंत का?"

त्याने मान खाली घातली. "लावलं होतं. पण गारा पडल्या. एकच फळ धरलं. मूठभर बी नेऊन चिमूटभर परत आणलं, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला असतात. म्हणून म्हटलं, नकोच तिकडे जायला."

"हो," नेलिदा म्हणाली. "म्हणाले असते मी." मग हळूच विचारलं, "ते फळ खाल्लंत का?"

"खातोय कसला! दुसऱ्याची वस्तू. खुराड्याच्या छपरावर ठेवलंय. रोज वळवतो. एका अंगाने नासायला लागलंय ते."

सायकलवर मधोमध डांगर, एका बाजूला देल्फोर, दुसऱ्या बाजूला नेलिदा, असे ते आले. वाचायच्या टेबलावर कागद पसरून डांगर कापलं. अर्धं सडलेलं होतं. एर्मेलिंदाने बाह्या सारून हात आत घातला आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत एकेक बी काढलं. बरंच पिचलेलं होतं, पण सगळं नाही. तिने एक पुसून दाताखाली धरलं.

कट्‌.

"भरलेलं आहे," ती म्हणाली, आणि देल्फोरने तोंड फिरवून नाक पुसलं.

"दोन देल्फोर," नेलिदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला रस्त्यात बोलत होते, ते चुकलं माझं."

"चालायचंच," तो पुटपुटला. "आणा तो भोपळा इकडे. पत्र्याची पट्टी ठोकून देतो."

त्याने मला पट्टी बसवली. अजून थोडा गळतो मी, पण चालतं. एर्मेलिंदाने मला भरलं आणि नेलिदापुढे धरलं.

"मला माफ केलंत?" नेलिदाने विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही. यातलं बी तू स्वतः लावायचंस. आणि उन्हाळाभर दर रविवारी येऊन वेल कसा आहे ते मला तोंडाने सांगायचंस, खरं खरं. आता माते घे, निवतोय."

नेलिदा प्यायली. काळ्या डागाच्या भोपळ्यातून, तळापर्यंत. मला परत देताना सवयीने तिच्या ओठांवर 'ग्रा' आलं. ती थांबली. ओठ मिटले, आणि तिने काही न बोलता मला म्हातारीच्या हातात दिलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना वापरून झालं की धुवा, पुसा, ऊन दाखवा. आणि तुमच्या हातून काही चुकलं तर त्यावरही झाकण लावून ठेवू नका. मी त्या डब्यात राहिलोय, मला माहीत आहे. आतली ओल आत राहत नाही, शेजारी जे काही चांगलं ठेवलेलं असतं तेही कुजवते.

नेलिदा रविवारी जाते. अजून दारात क्षणभर घुटमळते, मग आत जाते आणि वेलाचं सांगते. परवा तिने सांगितलं, "पान पिवळं पडलंय. मी पाणी जास्त घातलं." एर्मेलिंदा म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. बस. पाणी तापत ठेवलंय."