ऑफ म्हणजे बंद

श्रीपतीने इंग्रजी नोटीस तिसऱ्यांदा उमापुढे सरकवली आणि दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"ब्लॉक्ड ऑफ. ऑफ म्हणजे बंद ना? दिवा ऑफ, पंखा ऑफ. म्हणजे अडवणं बंद केलं. गंधारच्या वकिलानेच लिहून दिलंय की वाट मोकळी आहे!"

उमाने नववीच्या वह्या बाजूला ठेवल्या. बावीस वर्षं ती इंग्रजी शिकवत होती. इतका हट्टी विद्यार्थी तिला वर्गात कधी भेटला नव्हता.

"अहो, इथे दोन्ही शब्द मिळून एकच अर्थ. कुणी येऊ-जाऊ नये म्हणून वाट बंद करणं."

"मग नुसतं ब्लॉक का नाही म्हणत?"

"झाड पडलं तरी रस्ता ब्लॉक होतो. ब्लॉक ऑफ माणूस मुद्दाम करतो."

"उदाहरण दे."

"मिरवणुकीसाठी पोलिसांनी रस्ता ब्लॉक ऑफ केला."

"ते पोलिसांचं झालं. दुसरं दे."

उमाच्या कपाळाची शीर उडायला लागली. दिवाळीनंतर आंब्याच्या कलमांच्या हद्दीवरून थोरल्या जावेशी बोलाचाली झाली आणि श्रीपतीने दोन घरांमधल्या पायवाटेवर चिरे रचून आडवा गडगा घातला. ही जाऊ, सावित्रीवहिनी, विधवा, घरात एकटी. तेव्हापासून दुखरा गुडघा घेऊन ती सडकेने वळसा घालत सामाईक विहिरीवर येत होती. तिच्या मुलाने, गंधारने, मुंबईहून एसटीडीवर चारदा विनवून पाहिलं, मग ही नोटीस.

"घ्या दुसरं. श्रीपतीने वाट ब्लॉक ऑफ केली आणि सावित्रीवहिनी सहा महिने सडकेने पाणी वाहते आहे. कळलं, की फळ्यावर लिहू?"

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिने प्रथमच घेतलं होतं. श्रीपतीने नोटिशीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग मागच्या दाराने बाहेर पडला.

थोड्या वेळाने चिरे पडल्याचा आवाज आला. उमा परसात पोचली तेव्हा गडग्याला जेमतेम हातभर खिंडार पडलं होतं. श्रीपती घाम पुसत उभा होता.

"बास एवढं. वहिनी बारीक आहे. अंग चोरून निघेल."

"आणि मी?"

"तुला कुठे जायचंय?"

उमाने खिंडारातून वहिनीच्या घराकडे पाहिलं. सडक तिलाही मोकळीच होती. सहा महिन्यांत ती एकदाही वळसा घालून पलीकडे गेली नव्हती.

तिने पदर खोचला आणि पुढच्या चिऱ्याला हात घातला. तो हलेना.

"त्या बाजूने धरा," ती म्हणाली.