पडदा झालेलं शीड

मित्रांनो, मी एक जुनं शीड आहे. जुनं म्हटल्यावर लगेच हळहळू नका. माझ्या अंगावर ठिगळं आहेत हे खरं, पण रडगाणं गायला मी आलेली नाही. माझ्याइतकी मजा फार थोड्या कापडांच्या वाट्याला आली असेल.

माझा जन्म नाटे गावच्या किनाऱ्यावर झाला. जाड मांजरपाटाच्या पट्ट्या वाळूवर पसरून म्हाताऱ्या खलाशांनी मला हाताने शिवलं आणि ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलं. मग रत्नागिरीच्या मांडवी बंदरातले हरिश्चंद्र तांडेल मला आपल्या गलबतावर घेऊन गेले. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. कौलं, सुपाऱ्या, आंबे भरून आम्ही मुंबईच्या खेपा करायचो. आरे-वारेसमोरून जाताना मी अशी काही छाती काढायचे की तांडेल मला थाप मारून खलाशांना म्हणायचे, "बघा रे, असा काम करायचा." मला तेव्हा गगन ठेंगणं व्हायचं.

आमच्या गलबतावर एक नियम फार कडक होता. शिडासमोर शिट्टी वाजवायची नाही. शिट्टी म्हणजे वाऱ्याला हाक, आणि हाक मारल्यावर तो कसा येईल याचा भरवसा नाही. कोणी विसरून वाजवलीच, तर खलाशी हातातला दोर सोडून मला खाली घेत आणि समुद्राला हात जोडत.

पुढे एका वादळात मी उभी फाटले. नवीन शीड आलं, आणि माझी घडी घालून मला खोपीत टाकलं. तिथे उंदरांनी मला कुरतडलं, पण उंदरांपेक्षा घडीने जास्त छळलं. कापड उलगडलंच नाही, तर ते घडीच्या रेषेवरच विरत जातं. मला कोणी उलगडत नव्हतं. ती वर्षं मी फार वाईट काढली.

मग एकोणीसशे एकतीसच्या मे महिन्यात महिपतने खोपीचं दार उघडलं. हा तांडेलांचा मुलगा. लहानपणी इतका बुजरा, की पाहुणे आले की माझ्या घडीआड येऊन लपायचा. आता तो कोल्हापूरला कॉलेजात इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीत घरी आला होता. त्याच्यासारखीच सुट्टीला आलेली कॉलेजची मुलं जमवून त्याने नाटक बसवलं होतं. पडदा तेवढा नव्हता.

"बाबा, हे जुनं शीड देता का आम्हाला?" त्याने विचारलं.

तांडेल अंगणात दोर वळत बसले होते. "तुला कालेजात पुस्तकां वाचायला धाडलाय, की तोंडाला रंग फासायला?"

"पुस्तकंही वाचतो, बाबा. पास झालोय ना?"

"अवो, द्या त्याला," महिपतची आई मथुरा आतून म्हणाली. "उंदरांनी खाण्यापरीस बरा."

तांडेलांनी दोर खाली ठेवला. "शीड ने. पण अभ्यास सोडून ज्या करतोस, त्या तरी धड करतोस काय, त्या मी बघणार. चार माणसांत फजिती झाली, तर जूनला कोल्हापूर नाय. नारळी पुनवेला माज्यासंगती गलबतावर यायचा."

महिपतचा चेहरा उतरला. कॉलेज त्याला जीव की प्राण होतं. तरी तो "बरं" म्हणाला.

मांडवीच्या वाळूत दोन डोलकाठ्या रोवल्या आणि मला मधे टांगलं. दोर ओढला की मी गुंडाळत वर जाणार आणि मागचा राजदरबार दिसणार. दोराला तांडेलांचेच दोन खलाशी होते, दादू आणि भागोजी. ऊन कलायला लागलं तेव्हा सगळी मांडवी तिकीट काढून समोर येऊन बसली होती. पुढच्या रांगेत हरिश्चंद्र तांडेल, हाताची घडी घालून.

आणि महिपतने ऐटीत शिट्टी फुंकली. कोल्हापूरच्या नाट्यमंडळात पडदा शिट्टीवर उघडायचा, म्हणून त्याने इथेही तेच केलं; गलबतावरचा नियम त्याच्या ध्यानातच आला नाही. सराव हाताच्या खुणेवर झाला होता, त्यामुळे दादू-भागोजींना हे ठाऊक नव्हतं. दोघांनी दोर सोडला आणि समुद्राकडे वळून हात जोडले. महिपतला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा फुंकली.

"शिडासमोर शिट्टी नको रं बाबा!" भागोजी ओरडला. सगळ्या वाळूत हशा पिकला.

त्यात खरंच वारा सुटला. मित्रांनो, किती वर्षांनी! मी टम्म फुगले, माझी खालची कड उचलली गेली आणि राणीचे केसाळ पाय लोकांना दिसले. आता तर बाया पदरात तोंड लपवून हसू लागल्या. दादू-भागोजींनी दोर धरला, पण वारा भरलेलं शीड दोघांना कुठलं आवरतंय? तांडेल जागेवरून उठले. मला धडकी भरली. वारा प्यायची हौस माझी आणि कॉलेज बुडणार पोराचं.

महिपत माझ्या आडून बाहेर आला. लपायला नाही, मित्रांनो, लोकांसमोर उभा राहायला. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, वाऱ्याला मी फुकट बोलावलं, तुम्हाला मात्र तिकीट लावलं, म्हणून तो आधी आत शिरला. आता पडदा दोघांचा राहिला नाही. मांडवीत दोर ओढणारे हात काय कमी आहेत? या!" आणि वडील गलबतावर देत तशी त्याने हाक दिली, "ओ हैस्सा!"

अर्धी वाळू उठून दोराला लागली. "ओ हैस्सा!" म्हणत त्यांनी मला वर नेलं. मग प्रत्येक अंकाला तसंच. माणसं नाटकाइतकीच पडद्याची वाट बघू लागली. शेवटच्या अंकाची हाक कोणाची होती, सांगू? हरिश्चंद्र तांडेलांची.

नाटक संपल्यावर ते मला सोडवायला स्वतः आले. "बिथरलेली माणसां एका दोराला लावायची, हाच तर तांडेलाचा काम. ह्या कुठल्या पुस्तकात होता रे?"

"पुस्तकात नव्हतं, बाबा. कॉलेजच्या वादविवाद मंडळात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा सगळे हसले आणि मी पळालो. दुसऱ्यांदा हसले तेव्हा पळालो नाही."

तांडेलांनी माझी घडी घालून मला पुन्हा खोपीत नेलं. पण जूनमध्ये मोटार सुटायच्या वेळी ते खांद्यावर एक जड गाठोडं घेऊन आले. गाठोड्यात मी होते.

"हे कशाला, बाबा?"

"खोपीत बसून काय करणार त्या? जाऊ दे कालेजात."

तेव्हापासून मी कोल्हापुरात आहे. इथे समुद्र नाही. तरी दर नाटकाला मुलं "ओ हैस्सा!" म्हणत मला वर नेतात. अजून भिंतीला टेकून, पुस्तक छातीशी धरून एखादा बुजरा मुलगा नुसता बघत उभा असतो. मला लगेच महिपत आठवतो. मित्रांनो, तसा मुलगा तुमच्यात कोणी असेल, तर त्याला सांगते, पुस्तक जपून बाकावर ठेव आणि ये, दोर धर. लोक हसतील कदाचित. हसू देत. अंगावर पडलेली घडी अशीच मोडते.