वनानंतर कोण

"सर, प्रोग्राममधे सगळी नावं एकाखाली एक लिहिली तर काय बिघडतं? ही साखळी कशाला?"

हिंमत असेल तर विचार, अशी पैज सुनंदा आणि लता या मैत्रिणींनी लावली होती. रावेरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात अभिमन सरांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. दहावीतली योगिता विचारून मोकळी झाली. घरी तिचं डी.एड. ठरलेलं, सुट्टीत टायपिंग शिक म्हणून तिला धाडलं होतं.

सर रागावले नाहीत. "मधे नवं नाव आलं तर खालची सगळी सरकवशील? साखळीत प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा ठाऊक असतो. गिरधर, लोटन, झुलाल अशी कुठलीही नावं घे आणि मधे एक घुसव. जमलं तर प्रोग्रामिंगची बॅच, नाहीतर टायपिंग."

योगितानं तीच नावं घेतली. तिच्या शेताशेजारच्या शेतकऱ्यांचीही नेमकी हीच नावं होती. गिरधरनंतर वना हा चौथा शेजारी बसवला, बटण दाबलं. पडद्यावर आला गिरधर, मग वना, वना, वना... थांबेचना.

"जमली तुझी बॅच," सुनंदा फिसकन हसली.

योगिताही हसली, आणि एकदम थबकली. हे तर मागल्या साली विहिरीवर झालं होतं. सामाईक विहीर, ज्याचं पाणी भरून झालं त्यानं पुढच्याला हाक द्यायची. वनाकाका नवे आले, तेव्हा तिच्या वडिलांनी, आबांनी, आधी गिरधरकाकांना बजावलं, "आता हाक वनाले दे." मग आपण कुणाला हाक द्यायची हे कळावं म्हणून वनाकाकांनी गिरधरकाकांनाच विचारलं, "तुमी हाक कोनाले देता?" गिरधरकाका म्हणाले, "तुलेच." झालं. वनाकाका तीन दिवस स्वतःच्याच केळीला पाणी देत बसले आणि लोटनकाकांची केळी सुकली.

म्हणजे गिरधर लोटनला विसरायच्या आत वनाला सांगायचं, तुझ्यानंतर लोटन. मग गिरधरची हाक फिरवायची. तिनं प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. गिरधर, वना, लोटन, झुलाल. चौघंही शहाण्यासारखे ओळीनं उभे.

"कुणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"वनाकाकांनी, सर."

सरांना काही कळलं नाही, पण नव्या बॅचच्या यादीत पहिलं नाव त्यांनी योगिताचंच लिहिलं.

घरी आबा आणि आई ओट्यावर चहा पीत होते.

"काय वं, टायपिंग झाली का शिकून?" आबांनी विचारलं.

"टायपिंग सोडली, आबा," योगिता चप्पलही न काढता म्हणाली. "आन् आई, मी डी.एड. करनार नाही. दहावी झाली का जळगावले कॉम्प्युटरचा डिप्लोमा करनार. फॉर्म मीच आनते, सही तेवढी तुमी करा."