गौराची भाकर

सांजेची वंदना आटोपली की देवरावच्या ओट्यावर बाया जमायच्या. कोणी सुपात तुरी घेऊन यायचं, कोणी नुसतंच मांडीवर लेकरू घेऊन. मधोमध कंदील, आणि कंदिलाजवळ देवरावची शाळेत जाणारी लेक वत्सला. धम्म घेतल्यापासून वस्तीतल्या पोरींना शाळेत घालायचंच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. पोरगी शिकली म्हणजे काय झालं, तर तिनं सांजेला बायांना वाचून दाखवलं, असा त्या ठरावाचा अर्थ बायांनी आपल्या परीनं लावून घेतला होता.

पण वत्सलाचं वाचन पुढं सरकत नसे. त्याला कारण होतं. त्या ओट्यावर गोष्ट ऐकायची तर हुंकार द्यावा लागे. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगावं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणावं. हूं आला नाही तर सांगणाऱ्यानं थांबावं, कारण ऐकणारा झोपला तरी आहे किंवा रुसला तरी आहे. वत्सला छापलेलं पुस्तक वाचत होती, तरी बायांनी आपला रिवाज सोडला नव्हता. आणि वत्सलाच्या मोठ्यामायचा, म्हणजे थोरल्या काकूचा, मथुराबाईचा, हूं काही साधा नसे. त्याच्यामागून सवाल येई.

पुस्तकाचं नाव 'सुसरडोह'. जाडजूड, निळ्या कापडात बांधलेलं. गौरा नावाची नावाड्याची लेक, तिचा बाप पुरात नाव घेऊन गेला तो आलाच नाही. आणि तेव्हापासून रोज सांज झाली की नदीच्या पल्याड, जिथं घर नाही, दार नाही, तिथं एक दिवा दिसतो.

"हूं," मथुराबाई म्हणाली. "कोन लावते?"

"तेच तं पाहाचं हाये ना मोठीमाय."

"तुले माहीत असंन. तू वाचलं असंन पुढचं."

"नाही वाचलं. मायनं शपथ घातली."

ते खरं होतं. वत्सलाची माय इंदूबाई हिनंच बजावलं होतं की आमच्याआधी पुढचं पान पाहायचं नाही. "तुले माहीत झालं का तुह्या तोंडावर दिसते," ती म्हणाली होती. "मंग आमाले ऐकाची मजा येत नाही." म्हणून पुस्तक दप्तरात असूनही वत्सला ते शाळेत उघडत नसे. बोटं शिवशिवत. ती दप्तरावर बसून राही.

गौरा एकटीच पल्याड जायला निघाली, तेव्हा ओट्यावर मोठीच खळबळ झाली.

"अन् भाकर?" मथुराबाईनं विचारलं. "पोरगी एवढ्या पुरात चालली, संग भाकर नाही घेतली?"

वत्सलानं पान वरखाली पाहिलं. "लिवलं नाही."

"लिवलं नसंन, पन घेतली असंनच ना. ज्वारीची भाकर अन् वर तिळाची चटनी. पदरात बांधली. वाच आता."

आणि इंदूबाई, जी कधी फार बोलत नसे, तिनं सुपातल्या तुरी पाखडता पाखडता हळूच सूर धरला:

*नदीच्या पल्याड, दिवा कोनाचा जळते*
*एकल्या लेकीचं गं, मन तिकडंच वळते*

*नदीबाई नदीबाई, नको धरू माही वाट*
*तुले देते चोळीखन, मले दाव पैलकाठ*

"आता नदीले खन वाहत नाही आपन," मथुराबाईनं जावेला टोकलं.

"मी कुठी वाहून राह्यली बाई? गौरा वाहून राह्यली."

"मंग ठीक हाये."

अशानं पुस्तक कसं संपावं? आणि पुस्तक परत जायची वेळ तर आली होती. ते शाळेतल्या फिरत्या पेटीतलं होतं. पुस्तकांची ती पेटी यवतमाळहून मोटारीच्या टपावर बसून राळेगावच्या शाळेत यायची आणि काही आठवड्यांनी तशीच परत जायची. सदाशिव गुरुजींनी तिच्यासाठी एक नियम केला होता. शनिवारच्या सकाळच्या शाळेत ज्यानं जे पुस्तक वाचलं त्यानं उभं राहून त्याचा सांगावा द्यायचा. पुस्तक कशाचं आहे, का वाचावं, ते इतरांना सांगायचं. ऐकून कोणी हात वर केला तर ते पुस्तक त्याच्याकडं जाई आणि पुढच्या खेपेपर्यंत शाळेत राही. कोणाचाच हात वर झाला नाही तर पुस्तक पेटीत, पेटी मोटारीत. आणि एकानं तेच पुस्तक पुन्हा घ्यायचं नाही.

म्हणजे आता वत्सलाचा सांगावा कोणाला आवडला तरच गौरा राळेगावात राहणार होती. नाहीतर ती पल्याडच्या काठावर एक पाय टाकून तशीच यवतमाळला निघून जाणार होती, आणि दिवा कोण लावतं हे वस्तीत कोणाला कधीच कळणार नव्हतं.

शनिवारी आधी मधुसूदन उठला. त्यानं खुनाची कादंबरी वाचली होती.

"एकदम झकास पुस्तक हाये गुरुजी. एका सावकाराचा खून होते. कोनाले पत्ताच लागत नाही. सगळे म्हनते नोकरानं केला. पन नोकरानं नाही केला, मुनीमानं केला. सगळ्यांनी वाचा."

"आता कशाला वाचतील?" गुरुजी म्हणाले.

मधुसूदननं वर्गाकडं पाहिलं. एकही हात नव्हता. "नोकराचं बी चांगलं हाये," तो पडेल आवाजात म्हणाला आणि बसला.

मग वत्सला उभी राहिली. सांगावा कसा द्यायचा ते तिला एकाच तऱ्हेनं ठाऊक होतं. ओट्यावर सांगतात तसा. "एक नदी होती," ती म्हणाली, आणि थांबली. कोणी हूं म्हटलं नाही. गुरुजींच्या वर्गात कोणी बोलत असताना बाकीच्यांनी हाताची घडी घालून बसायचं, आवाज काढायचा नाही, अशी शिस्त होती. वत्सलानं एक वाक्य सांगितलं, पुन्हा थांबली. पुन्हा तेच. एवढी पोरं, एवढे डोळे, आणि हूं नाही. कोणाला आवडून नाही राह्यलं, तिच्या मनात आलं.

आणि ती शांतता तिला सोसवेना म्हणून तिनं ती भरून काढली. मथुराबाई जिथं बोलायची तिथं ती मथुराबाईचं बोलली. गौरानं ज्वारीची भाकर पदरात बांधली, वर तिळाची चटणी घेतली. नाव प्रवाहात आली तेव्हा तिनं मायचं गाणं म्हटलं, नदीबाई नदीबाई, नको धरू माही वाट. म्हणताना आवाज कापला, तो पुराच्या पाण्यासारखाच कापला. मग गौराचा पाय पैलकाठच्या चिखलात रुतला, आणि समोरचा दिवा विझला.

वत्सला खाली बसली.

"मंग?" मधुसूदन म्हणाला. त्याची हाताची घडी केव्हाच सुटली होती.

"मंग मले माहीत नाही."

"म्हणजे पुस्तक पुरं केलं नाहीस?" गुरुजींनी विचारलं.

"नाही गुरुजी. तितकंच झालं. आमच्या घरी सगळ्याइले वाचून दाखवा लागते."

गुरुजी काही बोलणार होते, पण तोवर हात वर झाले होते. पुढच्या बाकावरचे, मागच्या बाकावरचे, खुद्द मधुसूदनचा. सर्वांत आधी झाला होता तो कुंदाचा, पोस्टमास्तरांच्या मुलीचा. निळं पुस्तक कुंदाच्या दप्तरात गेलं.

पुस्तक राहिलं खरं. पण ते पोस्टाच्या पिवळ्या घरात राहिलं, आणि त्या घराची पायरी वत्सला कधी चढली नव्हती. तिथं जाऊन शेवट विचारावा, असं तिला रोज वाटे आणि रोज ती पोस्टाच्या कोपऱ्यावरून वळून जाई. शाळेत कुंदा पुढं बसे, वत्सला मागं. कुंदाच्या वेणीकडं पाहून गौराचं काय झालं ते कळत नव्हतं.

ओट्यावर बाया तुरी निवडत आणि दिव्याचा छडा लावत. एकीच्या मते तो दिवा गौराचा बापच लावत होता, दुसरीच्या मते चोरांचा अड्डा होता.

"चोर दिवा लावते काय?" मथुराबाईनं तिला गप्प केलं. मग वत्सलाकडं वळून म्हणाली, "तूच व बाई एवढं चांगलं सांगतलं. थोडं वाईट सांगतलं असतं तं एखाद्या गरीब पोरीनं घेतलं असतं."

"वाईट सांगतलं असतं तं पेटीत गेलं असतं मोठीमाय."

"हे बी खरं."

रविवारी दुपार कलताना वस्तीतली पोरं पळत आली. त्यांच्यामागून, परकराचा घोळ चिमटीत धरून, चिखल चुकवत कुंदा येत होती. काखेत निळं पुस्तक. दारादारांतून माणसं डोकावली. कुंदा सरळ ओट्यापाशी आली आणि तिथं बायांत बसलेल्या वत्सलाला म्हणाली, "तू खोटं सांगितलंस."

वत्सला उठून उभी राहिली. "काय खोटं?"

"ते गाणं कुठल्या पानावर आहे? मी सगळं उलटून पाहिलं. भाकर पण नाही. मला वाटलं पानं फाटलीत, पण आकडे तर बरोबर लागतात."

"हाये ना. गौरा नावेत बसते तिथंच."

"दाखव."

दोघी पुस्तकावर वाकल्या. वत्सलाचं बोट ओळींवरून फिरलं. नाव होती, पूर होता, वारा होता. गाणं नव्हतं. भाकर नव्हती. वत्सला पुन्हा वरून वाचू लागली. तिच्या डोळ्यांपुढं तर तो पदर दिसत होता, त्याची गाठ दिसत होती, गाठीतून सुटलेला तिळाचा वास येत होता. कुठलं छापलेलं आणि कुठलं ओट्यावरचं, हे तिचं तिलाच कधीचं उमगेनासं झालं होतं.

"भाकर मी बांधली," मथुराबाई दारातून म्हणाली.

कुंदानं मान वर केली. "तुम्ही?"

"मंग. लिवनाऱ्यानं नाही बांधली. एवढ्या पुरात पोरगी उपाशी सोडते काय कोनी? अन् गानं हिचं हाये." तिनं इंदूबाईकडं हनुवटी केली.

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. कुंदा तिच्याकडं बघतच राहिली. आजवर पुस्तकात गाणी असतात आणि बायका दळताना गातात, एवढंच तिला ठाऊक होतं.

"शेवट मी अजून वाचलेला नाही," ती अखेर म्हणाली. "गाणं सापडेना म्हणून मी नावेपाशीच थांबले."

ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"घरी सांगून आली काय?" मथुराबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग ओट्यावरच बस, अंदर येऊ नको. कोनी इचारलं तं म्हन, घरात गेलतीच नाही. खोटं बोलल्याचं पाप नको." आणि तिनंच घोंगडी झटकून अंथरली.

कुंदा वाचू लागली. शाळेतला धडा वाचावा तशी, भराभरा. "हूं," एक बाई म्हणाली. कुंदा दचकून थांबली. "वाच वो पोरी, तो हुंकार हाये," इंदूबाई म्हणाली. हळूहळू कुंदाचा वेग उतरला. हूं आला की ती दम घेई, नाही आला की वर पाही. वत्सला शेजारी बसून तिच्या ओठांकडं बघत होती. आपण न वाचलेलं पान दुसरीच्या तोंडून ऐकताना काय होतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

दिवा लावत होती एक म्हातारी कोळीण. तिचा लेक कैक वर्षांमागं त्याच डोहात गेला होता. त्याला काठ दिसावा म्हणून ती सांजेला दिवा ठेवी. विझला तो वाऱ्यानं. गौरानं तो पुन्हा लावला. रात्रभर दोघी बसल्या. सकाळी गौरा नाव घेऊन परत आली, आणि त्या सांजेपासून नदीच्या दोन्ही काठांना दिवे दिसू लागले. समाप्त.

एका बाईनं नाक ओढलं. लेकरू मांडीवर झोपलं होतं, त्याच्या अंगावर तिनं पदर सारखा केला.

"अन् बाप?" मथुराबाई म्हणाली.

कुंदानं शेवटचं पान पाहिलं. मग त्याच्यामागचं कोरं पान पाहिलं. मग पुठ्ठा. "बापाचं काही लिहिलेलं नाही."

"नाही लिवलं म्हनजे? मेला का जिता हाये?"

"पुस्तक संपलं ना."

"पुस्तक संपलं. मानूस कुठी गेला?" मथुराबाई घोंगडीच्या कडेला येऊन बसली. "तू वाचलं. आता तूच सांग."

"मी कशी सांगू? मला काय माहीत?" कुंदा वत्सलाकडं वळली. वत्सलाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तिनं ते दातांनी धरून ठेवलं आणि नुसती भुवई उडवली, सांग की म्हणून. ऊन कौलांवरून उतरून गेलं होतं. पोस्टाच्या बाजूनं कोणीतरी कुंदाच्या नावानं हाका मारत होतं, पण ते अजून लांब होतं.

कुंदानं पुस्तक मिटलं आणि मांडीवर उपडं ठेवलं.

"तो... तो खालच्या एका गावात असेल," ती अडखळत म्हणाली. "वाहून गेला असेल, पण मेला नसेल. त्याचा पाय मोडला असेल. म्हणून त्याला येता येत नसेल."

"कोनता पाय?" मथुराबाईनं विचारलं.

कुंदानं डोळे मिटून नीट पाहिलं.

"डावा," ती म्हणाली.