मिठाच्या बरणीचं टोपडं

आमच्या घरात दोन बायका एकाच बाळासाठी विणत होत्या, पण ते बाळ एकच आहे याबद्दल दोघींचं एकमत नव्हतं.

आईचं बाळ दणकट होतं. तिने विणायला घेतलेला पिवळा स्वेटर उचलून मी विचारलं, "हा जन्मल्यावर घालायचा की दहावी पास झाल्यावर?"

"वाढत्या अंगाचा आहे," आई म्हणाली.

आईने मला आयुष्यभर वाढत्या अंगाचेच कपडे घेतले. पहिलीत घेतलेली चड्डी मला शाळेच्या शेवटच्या वर्षी नीट बसायला लागली, आणि तेव्हा कुठे तिची भविष्यवाणी खरी झाली.

बायकोही आधी पुस्तकातल्या मापाने विणायची. ही एका कारखान्यात तपासणीला आहे. कुठल्याशा पंपात बसणाऱ्या पितळी रिंगा दिवसभर हिच्यासमोरून सरकतात. हिच्या हातात एक माप असतं. रिंग त्यात बसली तर पास, नाही बसली तर लाल ठिपका आणि खोक्यात. तिथे हिला सगळे लालबाई म्हणतात. लग्न ठरण्याआधी हिने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं होतं, तेव्हा पर्समधून लाल पेन निघतंय की काय म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो.

मी हेल्मेटच्या दुकानात विक्रीला आहे. माझंही काम मापाचंच, पण जरा वेगळ्या वळणाचं. दर माणसाला आपलं डोकं आहे त्याहून मोठं वाटतं. त्याला न दुखावता लहान हेल्मेट द्यायचं असतं. "साहेब, ही कंपनी जरा मोठाच साइझ काढते," असं म्हटलं की साहेब खूश, मालक खूश, डोकं सुरक्षित.

तर मागच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. अंधारी खोली, हिच्या पोटावर थंडगार जेल, पडद्यावर राखाडी धुकं. डॉक्टरबाईंनी त्या धुक्यात एक गोल काढला, पुसला, पुन्हा काढला. मग तिसऱ्यांदा काढला. कुठलाही माणूस एकच गोल तीनदा काढायला लागला की समजावं, त्याला तो आवडलेला नाही.

"बाळ तारखेच्या मानाने लहान आहे," त्या म्हणाल्या.

"किती?" हिने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? आमच्याकडे थोडं नसतं."

मग डॉक्टरबाईंनी मापं सांगितली. वजनाचं, पोटाचं, डोक्याच्या घेराचं. ही एकेक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत होती. "आराम करा. कुशीवर झोपा. दोन आठवड्यांनी परत बघू. वाढ दिसली तर थांबू. नाही दिसली तर बाहेर काढावं लागेल. आत त्याला पुरेसं मिळत नसेल, तर आपण बाहेर देऊ."

"एवढंसंच बाहेर काढायचं?"

"एवढंसंच."

त्यावर मी विचारलं, "पार्किंगच्या तिकिटावर शिक्का इथेच मिळतो का?" मला खरंच दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जाताना मलाही एखादी गोळी लिहून देतील असं वाटलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईने ते ऐकलं आणि परत पाठवलं. "मशीनला काय कळतंय? हा पण जन्मला तेव्हा चिमूटभर होता. बघ आता."

"आता तरी काय मोठा झालाय," ही म्हणाली, पण हसली नाही.

संध्याकाळपर्यंत हिच्या ताटातला भात दुप्पट झाला आणि स्वेटरच्या बाह्या आणखी वीतभर लांबल्या. आईला जे मानायचं नसतं, त्यावर ती भात घालते. भाताने भागलं नाही की लोकर.

हिने मात्र पुस्तक बंद केलं. डाव्या कुशीवर पडून, उशीशेजारी शिंप्याची टेप ठेवून, हिने तशाच पिवळ्या लोकरीचं, डॉक्टरबाईंच्या आकड्याचं टोपडं विणायला घेतलं. दोन ओळी झाल्या की टेप लावायची. जास्त भरलं की उसवायचं. आईने बघू नये म्हणून पांघरुणाखाली विणायची. लोकरीची सुई पांघरुणाखाली चालवणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. एकदा कूस बदलताना ती मला मांडीला टोचलीसुद्धा.

"अगं, पण कशाला इतकं मोजूनमापून?" मी विचारलं.

"परवा काढलंच बाहेर तर डोकं उघडं ठेवणार आहेस त्याचं?"

मी म्हणालो, "परवा अजून लांब आहे." तेव्हा ते खरं होतं. मग दिवस गेले आणि पुढची तपासणी खरंच परवावर आली.

त्या दिवशी सकाळी टोपडं पूर्ण झालं. हिने ते माझ्या हातात दिलं. "कशावर तरी चढवून बघ. खालची कड फार आवळत नाही ना ते सांग."

मी स्वयंपाकघरात गेलो. आई अंघोळीला गेली होती. साखरेच्या डब्याला टोपडं चढेना. पाण्याच्या पेल्यावर ते ढगळ झालं. मग ओट्याच्या कोपऱ्यातली मिठाची बरणी घेतली. टोपडं तिच्यावर असं बसलं की तिच्याचसाठी विणलं असावं. कडही आवळत नव्हती. मी बरणी दोन्ही हातांत उचलली. मीठ संपत आलं होतं, त्यामुळे हलकी होती. ती किती हलकी होती याचा विचार मला करायचा नव्हता, म्हणून मी ती खाली ठेवली. तेवढ्यात मालकांचा फोन आला, की गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि किल्ली माझ्याकडे. "परफेक्ट बसतं गं!" असं आत ओरडून मी पळालो.

टोपडं बरणीवरच राहिलं.

दुपारी जेवायला घरी आलो. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून विणत होती. मांडीवर पिवळी लोकर होती, पण गुंड्यातल्यासारखी सरळ नाही, कुरळी. उसवलेली लोकर अशीच असते. ती आधी काय होती हे विसरायला तिला वेळ लागतो.

"हे काय करतेयस?" मी विचारलं, कळत असूनही.

"टोपडं मोठं करतेय. मिठाच्या बरणीला घातलं होतं कुणीतरी."

"आई, ते माझं होतं," मागून हिचा आवाज आला.

ही दारात उभी होती. उठायची परवानगी नव्हती तरी उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर.

"अगं, तुझंच आहे," आई म्हणाली. "पण असं इवलंसं करून ठेवू नये. पोराला वाटेल, यांना एवढंच हवंय."

"पोराला अजून काही वाटत नाही, आई."

"मोठं केलं तर बिघडलं कुठे? घालेल की नंतर."

"नंतर घालेल. आणि आधी?" हिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "हे त्याच्या नाकापर्यंत येईल. तुमचं सगळं त्या पोरासाठी आहे, जे आपल्याला वाटलं होतं. जे आहे, त्याच्यासाठी या घरात एक टोपडं होतं. एकच."

"मधल्या मापाचं करूया का?" मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

"मी रोज लहान निघालेल्या रिंगा खोक्यात टाकते," ही माझ्याकडे न बघता म्हणाली. "लाल ठिपका मारायचा आणि टाकायची. काही वाटत नाही. हे मला एकटीला मोजायला लावू नका."

आणि आत गेली. पलंग करकरला.

आईने विणणं थांबवलं. उगाच एकदा गॅसची शेगडी पुसली. स्वच्छच होती ती. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "खरंच एवढं लहान आहे?"

"हो."

"बरणीएवढं?"

"तेवढंच."

"मला बरणीवर नको सांगू. नीट दाखव."

मी हात वर केले आणि हवेत डोकं धरलं. दोन्ही पंजे वाकवून, अंगठे समोर. आई वळली. त्या रिकाम्या जागेकडे तिने बराच वेळ बघितलं. मग कुरळ्या लोकरीचं टोक माझ्या एका अंगठ्याशी धरलं आणि माझ्या पंजांच्या आतून दोरा गोल फिरवायला लागली.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"कोपर खाली घे."

"घेतलं. तू फिरव दोरा, आई."

ही पुन्हा दारात आली होती. पाणी प्यायला असेल, किंवा दोघं इतके गप्प का म्हणून. हिने माझे हात बघितले. फसलेला साइझ हिच्या नजरेतून सुटत नाही. मी काय केलंय हे हिला तिथूनच कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. मुद्दाम केलं नव्हतं. हातांनीच जरा गोड बोलून टाकलं होतं.

ही पुढे आली. माझे दोन्ही पंजे धरले आणि आत सरकवले. थोडे. मग आणखी थोडे. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरेच.

"इतकं," ही म्हणाली.

आईच्या हातातला दोरा सैल पडला. मग चिमटीतला दोरा ओढून घेतला, नव्या जागी नखाने दाबला आणि मला म्हणाली, "लहानपणापासून वाढवूनच सांगतोस तू."

तिने स्टुलावर बसून मोठं टोपडं सुईवरून काढलं आणि दोरा ओढला. सगळे टाके भराभरा सुटले. बारीक सुया शोधल्या. "टाके किती घातले होतेस?" तिने हिला विचारलं.

हिने सांगितलं. आईने पुन्हा विचारलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नव्हता. हिने पुन्हा तोच आकडा सांगितला. आई घालायला लागली. ही भिंतीला टेकून खाली बसणार, तेवढ्यात आईने पायाने दुसरं स्टूल तिच्याकडे ढकललं.

"परवा वाढलेलं निघालं तर?" ही म्हणाली.

"तर उसवू."

"आणि नाही निघालं तर?"

आईने सुईवरचा टाका पुढे घेतला. "तर हे घालू."

"मी हात खाली घेऊ का?" मी विचारलं.

दोघी सुईवर वाकून टाके मोजत होत्या. मग मी तसाच उभा राहिलो. खांदे भरून आले होते, दुकानात गिऱ्हाईक थांबलं असणार होतं, पण पंजे जरासुद्धा फाकू न देता मी ते एवढंसं धरून ठेवलं.