हिरवं आहे गं

ऑपरेशन थिएटरमध्ये कुठे कापायचं ते सांगणारं यंत्र आलं त्या दिवशी भूल देणारे डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुमची सवत आली." सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळले.

अठरा वर्षं आमच्या सर्जन सरांच्या उजव्या हाताला मी उभी. त्यांनी मागायच्या आधी हवं ते अवजार हातात ठेवायचं, हाच माझा तोरा. आता सर पडद्याकडेच बघायचे. कापायला सुरक्षित जागा तिथे हिरवी व्हायची आणि बाईचा गोड आवाज यायचा, "पुढे जा." सर म्हणायचे, "बरं मॅडम." माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मग ती पित्ताशयाची केस. पडद्यावर एक नळी हिरवी झाली. मी म्हटलं, "सर, थांबा. ही ती नळी नाही वाटत." सर म्हणाले, "हिरवं आहे गं," आणि कात्री चालवली. नळी चुकीचीच निघाली. पेशंट वाचली, पण बिचारीला आणखी दोन ऑपरेशनं सोसावी लागली.

चौकशी बसली. कंपनी म्हणाली, यंत्र फक्त सल्ला देतं, निर्णय डॉक्टरांचा. सर म्हणाले, यंत्राने फसवलं, सावध करणारं तिथे कोणी नव्हतं. कोणी अडवूनही ते पुढे गेले असं ठरलं असतं, तर दोष त्यांचा आणि परवाना रद्द. यंत्राच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नव्हता. यंत्र आजूबाजूची गडबड गाळून टाकतं म्हणे, आणि मी गडबडीत मोडत होते.

सुनावणीआधी सरांनी मला बोलावून घेतलं. तू गप्प होतीस एवढंच सांग, यंत्र जाईल, आपण पहिल्यासारखं काम करू, म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. सवतीचा काटा परस्पर निघत होता. मी हो म्हटलं.

सुनावणीत रेकॉर्डिंग लावलं. "हिरवं आहे गं." हे कोणाला म्हणालात, असं अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं.

"यंत्राला," सर म्हणाले. "बाईचा आवाज आहे त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी जागा तिला दिली होतीच, आता माझा 'गं'सुद्धा दिला.

"खोटं आहे," मी उठून म्हणाले. "मी थांबा म्हटलं होतं, त्यावर ते मला म्हणाले. रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐका. तिला ते 'मॅडम' म्हणतात. 'गं' फक्त मला."

त्यांनी मागे नेऊन ऐकलं. तीनदा 'मॅडम' आलं. सरांनी मान खाली घातली.

बाहेर पडताना दारात आम्ही समोरासमोर आलो. सर बाजूला सरकले.

"तुम्ही व्हा पुढे, सिस्टर," ते म्हणाले.