पत्र्यावरचा मी आणि ‘अशनी’चा दुसरा भाग

मित्रांनो, मी एक जुना काळा धोंडा आहे. वजनाला म्हणाल तर अर्धं पोतं सिमेंट. आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात सोनाजी गवंड्याच्या घराच्या पत्र्यावर मी सहा वर्षं बसून होतो. हसू नका. धोंड्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटत असेल. पण आमच्या गावात घराघरावर माझे भाऊबंद बसलेले आहेत आणि त्यांच्या खाली माणसं जेवतात, झोपतात, लेकरं अभ्यास करतात. तेव्हा माझं ऐकून घ्या.

जमिनीखाली चाळीस-पन्नास फुटांवर मी किती काळ पडून होतो, मला ठाऊक नाही. मग गावात विहिरीचं काम निघालं. सुरुंगाचा बार उडाला आणि मी अख्ख्या खडकापासून सुटलो. त्या कामावर जनकाबाई नावाची एक तरणी बाई होती. मुकादम तिला म्हणाला, “ह्यो लई जड हाय बाई, दुसरा घे.” ती म्हणाली, “मला बराबर पेलतो. तुमी तुमचं बघा.” तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि शेजारणीला हाक मारली, “हात लाव गं!” विहिरीवर एक रीतच होती. कोणी ‘हात लाव’ म्हटलं, की हातातलं काम टाकून उठायचं आणि ओझं चढवायला हात लावायचा. तेव्हा कोणी थांबून विचारत बसलं, तर ओझं उचलणारीच्या मानेत लचक भरायची.

धुण्यासाठी दगड हवा होता, म्हणून संध्याकाळी जनकाबाईनं मला घरी आणलं. असा मी तिच्या डोक्यावर बसून तिच्या घरी आलो. हे ध्यानात ठेवा. मला ते एक दिवसही विसरता आलेलं नाही.

पस्तीसेक वर्षं माझ्यावर कपडे आपटले गेले. तिच्या लेकाच्या, म्हणजे सोनाजीच्या लंगोटांपासून त्याच्या लग्नातल्या शर्टापर्यंत सगळं मी धुऊन काढलं. त्यानं माझं एक अंग पाटीसारखं गुळगुळीत झालं. मला त्याचा तेव्हा मोठा अभिमान होता. आज त्याच गुळगुळीत अंगाची मला भीती वाटते.

एका उन्हाळ्यात वावधान सुटलं आणि घरावरचे दोन पत्रे उडून पलीकडच्या हळदीच्या वावरात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी सोनाजीनं पत्रे परत आणले आणि त्यावर अकरा धोंडे ठेवले. मला त्यानं सगळ्यात वर, आढ्याजवळ बसवलं. गुळगुळीत अंग खाली केलं आणि म्हणाला, “ह्या अंगानं बराबर बसतो.” पुढच्या वावधानात शेजारच्यांचे पत्रे गेले, आमचा एकही हलला नाही. सोनाजी चार लोकांत म्हणाला, “त्या धोंड्यानं घर राखलं.” काय सांगू मित्रांनो, मी नुसता फुगलो. लोकांच्या घरांवर स्लॅब टाकणाऱ्या गवंड्याच्या स्वतःच्या घरावर दगड का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

आता जमिनीचं सांगतो. आमच्या भागात तिच्या पोटातून आवाज येतो. खाली कुठेतरी टिप्पर भरून खडी ओतावी तसा गडगडाट होतो. भांडी वाजतात, कोंबड्या ओरडतात. माणसं बाहेर येऊन एकमेकांकडे बघतात. “झालं का?” “झालं.” की पुन्हा आपापल्या कामाला. सवय फार वाईट असते. मी त्या पोटातूनच आलेला, म्हणून मला तो आवाज माणसांच्या थोडा आधी कळतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी दोन बोटं खाली सरकलो. कोणाला कळलं नाही. दुसऱ्यांदा तीन बोटं. पत्र्याला उतार होता आणि माझं अंग गुळगुळीत होतं.

उताराच्या टोकाला, बरोबर वळचणीखाली, जनकाबाईची जागा होती. आता ती आजी झाली होती. रोज सकाळी सात वाजता पाटावर बसून, भिंतीला पाठ टेकून ती तिथे चहा प्यायची. मला वरून तिचा पांढरा भांग दिसायचा. ज्या डोक्यावरून मी घरी आलो, त्याच डोक्याकडे मी बोटाबोटानं निघालो होतो. ओरडावं तर धोंड्याला तोंड नाही.

अशात घरात ‘अशनी’ आली. अशनी म्हणजे आभाळातून पडलेला दगड. शाळेच्या पुस्तकात असतो तो. त्या नावाचा सिनेमा एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागला. पत्र्याखालचा प्रत्येक आवाज वर येतो, त्यामुळे मी तो सिनेमा ऐकला. एका शेतात आभाळातून दगड पडतो आणि त्याची मुलगी होते. ती जमिनीला कान लावून संकट ओळखते. शेवटी शाळेवर डोंगर कोसळतो तेव्हा ती छत खांद्यावर धरते आणि शेवटचं लेकरू बाहेर पडेपर्यंत धरून ठेवते. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ बसलो. आमच्यातलीच होती की ती!

सोनाजीची मुलगी आकांक्षा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं लाल ओढणी पाठीला बांधली आणि ती अशनी झाली. जाता-येता जमिनीला कान लावायची. न्हाणीच्या भिंतीवरून पत्र्यावर चढायची आणि मला उचलायला बघायची. मी काय हलतो! मग तिनं बापाच्या डब्यातला लाल रंग आणून माझ्यावर मोठा ‘अ’ काढला. “तू अशनीचा भाऊ,” म्हणाली. मला ते पटलं. संकट आलंच तर अशनी येईल, असं तिला वाटायचं आणि खरं सांगतो, मलाही वाटू लागलं.

एक दिवस गावातून भोंगा फिरला. ज्यांच्या पत्र्यावर दगड आहेत त्यांनी ते ताबडतोब खाली उतरवावेत, हादरे वाढून राहिलेत. माझा जीव भांड्यात पडला. पण सोनाजी दारात उभा राहून म्हणाला, “बराबर हाय त्यांचं. पर दगड काढल्यावर वावधान सुटलं, तर पत्रं काय अशनी धरनार हाय?”

“धरीन की!” आकांक्षा ओरडली.

सगळे हसले. आजी तर डोळे पुसेपर्यंत हसली. आकांक्षाची आई ज्योती तेवढी म्हणाली, “हसन्यावारी नका नेऊ.” सोनाजी म्हणाला, “दिवाळीला पत्र्याला हुक-बोल्ट मारतो, मंग दगड उतरवतो.” ती दिवाळी गेली. पुढचीही गेली. मी निम्म्या पत्र्यावर आलो होतो.

दोन वर्षांनी ‘अशनी’चा दुसरा भाग आला. आकांक्षानं महिनाभर आधी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सोनाजीनं तिला गाडीवर नांदेडला नेलं. जाताना ती ओढणी बांधून गेली आणि संध्याकाळी परत आली ती ओढणी हातात गोळा करून. जेवली नाही, बोलली नाही. मी वर कान टवकारून बसलो होतो. पोरगी बोलेना, तर माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळी आजीनंच विषय काढला. “कसा व्हता गं शिनेमा?”

“बेकार.”

“येवढ्या लांब जाऊन?”

मग तिचा बांध फुटला. “आजी, अर्धा शिनेमा ती नुस्ते कपडे बदलून राहिली! मोठ्या शहरात राहते, जाहिराती करते. जमिनीला कान लावतच न्हाई. भूकंप येते तवा ही बाई गानं म्हनत असते. आन् शेवटी तिनं नुस्ता हात फिरवला, तर पडलेली घरं आपोआप उभी राह्यली. मेलेली मानसं कपडे झटकून उठून बसली!”

“अगं माय! मंग गवंड्यानं काय करावं?” आजी म्हणाली.

“हसू नको न आजी. आन् एक लईच राग आला मला. पूल पडून राह्यला व्हता, तिनं एकटीनं धरला. मंग तिचा हात तडकला. तर लोकांला म्हनते काय, ‘बघत काय उभे राहिलात? हात लावा!’ लोक मोबाइलवर तिचं शूटिंग करत व्हते, त्यांनी हात लावला तवा पूल थांबला. येवढी शक्तीची बाई, आन् लोकांला हात लावा म्हनते! मंग ती असून उपयोग काय?”

“त्यात काय वाईट हाय? आमी विहिरीवर दिवसभर तेच म्हनत व्हतो.”

“तुला न्हाई कळत.” मग ती हळूच म्हणाली, “पर तिथंच मला रडू आलं. काहून ते न्हाई ठाऊक. बाकी कुठं न्हाई आलं.”

“मंग आवडला का न्हाई आवडला?”

“दोन्ही. म्हंजी न्हाईच आवडला.”

मलाही फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी अशनीच्या भरवशावर वर बसलो होतो आणि ती गाणी म्हणत होती! आकांक्षानं ओढणी आजीला हात पुसायला देऊन टाकली. दारावरचं अशनीचं चित्र काढून टाकलं. जमिनीला कान लावणं सोडलं. आता कोणीही येणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. मी ते वरून बघत होतो आणि त्या आठवड्यात जमीन दोनदा गुरगुरली. माझा निम्मा भार वळचणीच्या बाहेर आला. खाली सात वाजले की तो पांढरा भांग येऊन बसायचाच.

एका सकाळी पुन्हा बारीक गुरगुर झाली. आकांक्षा अंगणात दात घासत होती. पूर्वी ती अशा वेळी खाली कान लावायची. त्या दिवशी तिनं वर बघितलं. सहा वर्षांत हादऱ्यानंतर त्या घरातल्या माणसानं वर बघण्याची ती पहिलीच वेळ.

“आजी, ह्यो ‘अ’ खालून काहून दिसून राहिला?”

“कंचा अ?”

“धोंड्यावरचा. मी तर पार वर आढ्यापाशी काढला व्हता!”

तिच्या तोंडातला फेस तसाच राहिला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याखाली बसलेल्या आजीकडे. आई खुरपायला गेली होती. आकांक्षानं बापाला फोन लावला. सोनाजी पलीकडून म्हणाला, “रविवारी काढतो बेटा. तू हात नको लावू.”

“आजी, तिथून ऊठ.”

“चहा पिऊ दे गं. सकाळी सकाळी काय लावलंस?”

“आजी, ऊठ न! तो पडून राहिला!”

“भोंगा फिरून दोन वर्सं झाली, पडला का? तुझं शिनेमाचं येड जाऊ दे आधी.”

पोरगी रडकुंडीला आली. ती न्हाणीच्या भिंतीवर चढली, पत्र्याच्या कडेवर पोट टेकलं आणि दोन्ही हातांनी मला मागे ओढू लागली. तिचे हात घामानं ओले होते. मी तिला मदत करू शकत नव्हतो, उलट माझा सगळा भार तिच्या विरुद्ध होता. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आणि तेवढ्यात मला खालून कळलं की येतंय. या खेपेला मोठं येतंय.

“आजी!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “हात लाव!”

आणि मित्रांनो, आजी उठली. ‘ऊठ’ म्हटल्यावर न उठलेली बाई ‘हात लाव’ म्हटल्यावर उठली. तिनं विचार केला नाही, का म्हणून विचारलं नाही. हातातला कप पाटावर ठेवला आणि पदर खोचत न्हाणीकडे निघाली. चार पावलं. पाचवं पाऊल पडायच्या आत जमीन हलली. पत्रे खडखडले, आकांक्षा भिंतीवरून अंगणात पडली आणि मी सुटलो.

पाटाचे दोन तुकडे झाले. कपाचा तर चुराच. चहा माझ्या ‘अ’वर उडाला.

आजी परत आली, तिनं माझ्याकडे बघितलं, आपल्या जागेकडे बघितलं आणि आकांक्षाजवळ जाऊन बसली. गुडघे फुटलेली आकांक्षा तिच्या गळ्यात पडून रडत होती. आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत एवढंच म्हणत राहिली, “लावला न गं हात. लावला न.”

दुपारी सोनाजी धावत आला. पोटऱ्यांपर्यंत सिमेंटनं भरलेला. तुटलेला पाट बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं लगेच उरलेले दहा धोंडे उतरवले आणि अंधार पडायच्या आत हुक-बोल्ट मारले. अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्यासाठी दोन वर्षं लागली.

आकांक्षाला शाळेत पोरींनी विचारलं, आता तरी दुसरा भाग आवडला का? ती म्हणाली, “बेकार म्हंजी बेकारच.” मला मात्र राहून राहून एक विचार छळतो. तो सिनेमा चांगला निघाला असता, तर ही पोरगी अजून जमिनीला कान लावून अशनीची वाट बघत बसली असती.

आता मी अंगणात आहे. पाट गेला म्हणून आजी रोज सकाळी माझ्यावरच बसून चहा पिते. मला तिचं ओझं होत नाही.

पण इथून मला समोरचं घर दिसतं. विश्वंभरच्या पत्र्यावर सतरा धोंडे आहेत, मी रोज मोजतो. वळचणीजवळचा एक आज कालच्यापेक्षा खाली आहे. त्याच्या बरोबर खाली लुगड्याचा पाळणा बांधलाय, आणि मघापासून माझ्याखाली जमिनीच्या पोटात पुन्हा गुरगुर चालू आहे. मला तोंड असतं तर मी एकच हाक मारली असती. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुमच्या गल्लीत असा कोणी वर बसलेला दिसला तर दिवाळीची वाट बघू नका. त्याला खाली घ्या, त्याला राग येणार नाही. एकट्यानं उचलणार नाही तो. हात लावा.